आईनं मागितलेलं प्रोटीन

पोलीस भरतीच्या तयारीत असताना मला एका जागी बसवत नव्हतं. सकाळी पालीच्या धरणापर्यंत पळायचो, संध्याकाळी बीडला जिममध्ये वजनं उचलायचो. जिमच्या सरांच्या सांगण्यावरून प्रोटीन पावडरचा डबाही आणला होता. तरी छाती भरत नाही म्हणून जीव नुसता तळमळायचा.

त्याच दिवसांत आई-वडील ऊसतोडीहून परतले. मी दुधात पावडर घुसळत होतो आणि आई खांदा चोळत बघत होती.

"हे कावून पितो रे?"

"मेहनतीनं स्नायू झिजतात. यानं ते भरून येतात."

तिनं डबा हातात घेऊन पाहिला. मग म्हणाली, "मंग मला बी दे की थोडं. मोळ्या उचलून खांदा लई ठणकतोय."

सहा महिने ती डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहत होती. तिचेही स्नायू झिजत असतील, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी पेला तिला दिला. तिनं तोंड वाकडं करत तो संपवला.

सकाळी "बरं वाटतंय" म्हणाली, पण वेणी घालायला तिचा हात वर जाईना. मी पळायला न जाता तिला गाडीवर दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "पावडरीनं हे बरं होणार नाही. आता ओझं उचलायचं नाही."

भरती लांबतच गेली. दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी निघाली, तेव्हा वडिलांच्या जोडीला आईच्या जागी मी गेलो. पहिली मोळी उचलताना माझे पाय लटपटले.