फाईलमधला आजार

"दवाई ली आज?"

हजेरी घेताना मॅडम माझ्या नावापाशी थांबायच्या आणि सगळ्या वर्गासमोर हे विचारायच्या. बाकीच्यांनी 'प्रेझेंट मॅम' म्हणायचं. मी म्हणायचं, "ली, मॅम." मागच्या बाकांवर खुसखुस व्हायची. रोज. सातवीचं अख्खं वर्ष.

दिल्लीत द्वारकेतली मोठी शाळा. मी गरिबांच्या कोट्यातून आलेली. वडील फौजेतून शिपाई म्हणून रिटायर झाले आणि जवळच्या सोसायटीच्या गेटवर गार्ड लागले. तिथली मुलं माझ्याच वर्गात. त्यातल्या एकानं विचारलं, "तेरे पापा मेरे पापा को सलाम क्यों मारते हैं?" मी पाण्याची बाटली फेकून मारली. मग रडले. मग दोन दिवस कुणाशी बोलले नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच.

त्याच मुलानं लॅबची काच फोडली होती. त्याला स्ट्रेस होता म्हणे. मला बायपोलर हा मनाचा आजार निघाला.

शाळेनं सांगितलेल्या खाजगी डॉक्टरांनी दहा मिनिटं दिली. त्यांनी शाळेची चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलंही नाही, गोळ्या लिहून दिल्या. प्रिन्सिपल मॅडमनी वडिलांना उभं ठेवूनच सुनावलं, "इलाज नहीं, तो स्कूल नहीं."

वडील म्हणाले, "जी मॅडम."

गोळ्यांनी हात थरथरायचे. सारखी तहान लागायची. अंग सुजल्यासारखं झालं. राग गेला, हसणंही गेलं. वर्गात मी डोळे उघडे ठेवून झोपायचे. शाळा खूश होती. "अब कितनी अच्छी बच्ची है!"

आईला ते बघवेना. आठवीत ती मला सरकारी हॉस्पिटलात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी आईला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "बेटा, गुस्सा कब आता है?"

वर्षभरात हे कुणीच विचारलं नव्हतं. मी सलामाचं सांगितलं, बाटलीचं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. पुढे कितीतरी महिने बोलावत राहिल्या. मग म्हणाल्या, "यह बीमारी झूठी नहीं है. जिसे है, उसे दवाई बचाती है. तुममें मुझे नहीं दिखती." रक्त तपासत, हळूहळू त्यांनी गोळ्या कमी केल्या. बंद केल्या.

आजार नसल्याची चिठ्ठी त्यांनी शाळेला दिली. तरी हजेरीला तोच प्रश्न आला. मी उभी राहिले. म्हणाले, "मॅम, यह आप मुझसे क्लास में नहीं पूछेंगी."

मला बाहेर काढलं. वडिलांना बोलावलं. मला माफी मागायला सांगितलं. वडील पुन्हा "जी मॅडम" म्हणाले. मी माफी मागितली नाही. आठवडाभर वर्गाबाहेर उभी होते.

आता कॉलेजात आहे. शाळेच्या कागदांवर 'बायपोलर' हा शब्द अजून आहे. तो काढायला चार अर्ज दिले. शाळेच्या खिडकीवरचा क्लार्क म्हणतो, "अब क्या फ़र्क पड़ता है?"

थकले आहे मी, खरंच. गोळीशी माझं भांडण नाही. उद्या मला गरज पडली तर मी स्वतः घेईन. पण लेकराचं ऐकून न घेता त्याला गप्प करायला कुणी गोळी देणार असेल, तर त्याला इलाज म्हणू नका. पाचवा अर्ज लिहिलाय. सोमवारी देणार. पोच घेतल्याशिवाय त्या खिडकीपासून हलणार नाही.