लाल झंपराचा फोटो

तुपीसा गावात इलारिओन तिन्तिलाय या फोटोवाल्याकडे कुणी फोटो काढायला गेलं, की तो आधी माणसाच्या तोंडाकडे बघत नसे, अंगावरच्या कपड्यांकडे बघे. लाल शाल दिसली की म्हणे, "ही काढून ठेवा. नाहीतर कोळशाच्या पोत्यातून निघाल्यासारखे दिसाल." ओठ रंगवून आलेल्या मुलीच्या हातात त्याची बायको निएवेस गुपचूप ओला रुमाल ठेवायची. वरच्या गावांतली पोरं आली, की वाऱ्यानं फुटून लालभडक झालेल्या त्यांच्या गालांना ती तांदळाचं पीठ चोळायची. तसं नाही केलं तर ते गाल फोटोत चिखलानं माखल्यासारखे उतरत आणि दुसऱ्या दिवशी आया भांडायला दारात उभ्या राहत.

हे सगळं फिल्मपायी. बापाकडून आलेला लाकडी कॅमेरा वहीच्या पानाएवढी फिल्म मागायचा. पूर्वी ती आगगाडीनं सीमेपलीकडून यायची. पुढे तिची किंमत इतकी चढली, की फोटो म्हटलं की गिऱ्हाईक हळूच विषय बदली. त्याच सुमारास निएवेसचा हात मोडला. दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या हाताचा एक्स-रे खिडकीला लावून हाड दाखवलं. इलारिओननं हाड पाहिलंच नाही. तो नुसत्या निळसर कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ही पण फिल्मच की." निएवेस अजून ते लोकांना सांगते. "माझं हाड दोन ठिकाणी मोडलेलं, आणि हा विचारतोय, डॉक्टर, हिचा कोरा डबा कुठे मिळतो?"

डबा पोतोसीला, दवाखान्याचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळायचा. साध्या फिल्मच्या मानानं फुकटच. पण नखरे फार. दोन्ही अंगांना लेप, आणि भिजली की तो लेप सायीसारखा मऊ होई. जरा नख लागलं की संपलं. म्हणून इलारिओननं नखं इतकी मुळापासून कापायला सुरुवात केली, की संत्र सोलायलासुद्धा त्याला बायको लागे. धुण्याच्या थाळ्यांत तळाला त्यानं काचा घातल्या. लाल रंग या फिल्मला दिसतच नसे. लाल ते सगळं काळं, आणि निळं आभाळ पांढरंफेक. पण त्यात एक सुख होतं. तिला लाल दिसत नाही, म्हणून लाल दिवा लावून तिच्यावर नजर ठेवता येई. थाळीतल्या फिल्मवर सगळं उलटं, पांढऱ्याचं काळं उमटे: आधी आभाळ काळं होत यायचं, मग पांढरी गळपट्टी, मग माणूस. इतक्या वर्षांनीही तो त्या वेळी श्वास धरून उभा राही.

उजेडाचंही तिचं तंत्र होतं. भर दुपारी अंगणातल्या सावलीत, जिथे फक्त निळ्या आभाळाचा उजेड येतो, तिथे ती टक्क जागी असे. संध्याकाळी उजेड तांबूस झाला की पेंगायची. मग दुप्पट वेळ द्यावा लागे. इलारिओन भिंगावरचं झाकण हातानं काढी आणि आपल्या श्वासांवर वेळ मोजी. अंधाऱ्या भागाला तो कधी उजेडावाचून उपाशी ठेवत नसे. म्हणे, "काळ्यातही काहीतरी दिसलं पाहिजे. नुसता डागच पाडायचा तर शाई पुरते, कॅमेरा कशाला?"

चौकात रंगीत फोटोंचं दुकान आलं, तरी लग्नाचा आणि घरच्या सगळ्यांचा फोटो लोक त्याच्याकडेच काढत. त्यात आजीच्या वेणीतला केस न् केस मोजता यायचा.

एका दुपारी बाजार उठल्यावर कासिल्दा आली. मक्याच्या पानात उकडलेले तामाल विकणारी, तिशीची, हसली तर अख्खी रांग हसवणारी बाई. दीड वर्षापूर्वी तिचा नवरा रुफिनो घाटात ट्रक उलटून गेला, तेव्हापासून हसणं बेताचंच. दोन तामाल टेबलावर ठेवून ती म्हणाली, "माएस्त्रो, मला काळ्या कपड्यांतला फोटो हवाय."

"मग काळे कपडे घालून ये."

"ते राहिलेत कुठे?"

वर्ष झालं तेव्हा रीतीप्रमाणे तिच्या धर्ममायबापांनी तिच्या अंगावरचं सुतकाचं काळं उतरवलं होतं, डोक्यावर रंगीत कागदाचे तुकडे उधळले होते आणि काळे कपडे नदीकाठी जाळले होते. उतरवलेलं काळं बाईनं पुन्हा चढवलं, तर ते घरात दुसरं मरण बोलावतं.

"माझ्या घरात लहान मुलगी आहे," कासिल्दा म्हणाली. "मी ते अंगाला लावायची नाही. पण सासूबाईंचा निरोप आलाय."

सासूबाई, म्हणजे तोमासा, वर तालिनाला राहायच्या. गुडघे गेलेले, त्यामुळे वर्षश्राद्धालाही खाली येता आलं नव्हतं. त्यांच्या पिढीत काळं तीन वर्षं घालत. सुनेनं एका वर्षात उतरवलं हे त्यांच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांनी ट्रकवाल्याबरोबर सांगून पाठवलं: माझ्या पोरासाठी काळं ल्यालेली त्याची बायको मला एकदा बघू दे. फोटो पाठव. मी काही फार दिवसांची नाही.

"एकच मुलगा होता हो त्यांना," कासिल्दा म्हणाली. "नाही म्हटलं तर त्या मला सोडतील. आणि त्यांनी सोडलं तर रुफिनोचं म्हणून मला आणि पोरीला कोण राहिलं? तुमच्या फोटोत लाल काळं होतं ना? माझ्याकडे लाल झंपर आहे."

इलारिओननं तामाल बाजूला सारले. त्यानं आजवर कुणाची सुरकुती पुसली नव्हती, की तिरळा डोळा सरळ केला नव्हता. "मी खोटा फोटो काढत नाही, पोरी."

चुलीपाशी बसलेली निएवेस म्हणाली, "म्हाताऱ्या, तुला कोण खोटं बोलायला सांगतंय? आंधळी तुझी फिल्म आहे. पाप लागलंच तर तिला लागू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी कासिल्दा झंपर घालून आली. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. इलारिओननं तिला अंगणातल्या सावलीत, मातीच्या भिंतीपाशी बसवलं आणि काळ्या कापडाखाली डोकं घातलं. काचेवर ती उलटी दिसत होती, हात मांडीवर घट्ट धरलेले.

त्याला ठाऊक होतं, आज उजेड कमी द्यावा. चेहरा तेवढा नीट येईल, झंपर डांबरासारखा सपाट काळा होईल, काम झालं. त्यानं झाकण काढलं. कासिल्दा भिंगाकडे अशी बघत होती, जणू तिथे सासू बसली आहे. झाकण लावायची वेळ आली, आणि त्याचा हात पुढे झाला नाही. अंधाराला उपाशी ठेवायची सवयच नव्हती त्या हाताला. आणखी एक श्वास गेला, मग झाकण बसलं.

फोटो उतरला तो त्याच्या आयुष्यातल्या चांगल्यांपैकी एक. चेहऱ्यावर दीड वर्ष दिसत होतं. झंपर काळाकुट्ट, पण जवळ नेऊन पाहिलं तर छातीवरच्या बारीक चुण्या एकेक वेगळ्या दिसत होत्या.

"मलाच भरून आलं," निएवेस डोळे पुसत म्हणाली. "आणि मी तर लाल पाहिलेला."

फोटो ट्रकनं वर गेला. पुढच्या फेरीला कासिल्दानं ट्रकवाल्याला गाठलं. "काय म्हणाल्या?"

"काही नाही. फोटो घेतला, खिडकीपाशी नेला, बराच वेळ बघितला आणि दार लावून घेतलं."

त्यानंतर निरोप नाही. कासिल्दाचे तामाल खारट व्हायला लागले. इलारिओनला जेवण जाईना. एरवी चार शब्द बोलणारा माणूस आता दोनांवर आला.

मग एका सकाळी त्याच्या दारात ट्रक थांबला आणि दोन माणसांनी एका म्हातारीला अलगद खाली उतरवलं. डोक्यापासून पायापर्यंत काळं. ती सुनेकडे न जाता इथे आली होती. बाकावर बसून तिनं शालीआडून फोटो काढला.

"हा तूच काढलास ना, बाबा?"

"हो, मामिता."

"मग सांग, झंपर कुठल्या रंगाचा आहे?"

इलारिओननं बायकोकडे पाहिलं. निएवेसला तेवढ्यात चुलीतलं लाकूड सारायचं आठवलं. "फोटोत काळा आहे," तो म्हणाला.

"फोटो मला दिसतोय. मी झंपराचं विचारते."

"लाल," इलारिओन म्हणाला.

म्हातारीनं बोट फोटोवर टेकलं. "ही चुण्यांची ओळ बघ. काखेकडे वाकडी गेलीय. हा मीच दिव्याच्या उजेडात शिवत होते, डोळ्यांना धार लागलेली. उसवली असती, पण सकाळी त्यांचं लग्न होतं. रुफिनो म्हणाला, राहू दे आई, तिथं कोण बघतंय."

इलारिओननं वाकून ती ओळ पाहिली. "चूक माझी आहे, मामिता. एक श्वास उजेड कमी दिला असता, तर तुम्हाला हे दिसलं नसतं."

"मग काय दिसलं असतं मला? काळं फडकं? ते तर बाजारात हवं तेवढं मिळतं." तिनं फोटो मांडीवर सरळ केला. "लोक सांगत होते, तिनं सगळं जाळलं, आता सीमेपलीकडे सालताला जाईल, दुसरं घर करील. मला वाटलं, हा झंपरही गेला आगीत. तर हा तिच्या अंगावर. आणि घडीच्या रेषा अजून तशाच आहेत, बघ. जपून ठेवलाय."

तिनं फोटो परत शालीआड ठेवला. मग ती म्हणाली, "मला कळलं हे तिला सांगू नकोस. बिचारीनं माझ्यासाठी केवढा खटाटोप केला."

"मामिता, मला खोटं बोलता येत नाही."

"गप्प बसता येतं ना?"

"तेच तर येतं," निएवेस चुलीकडूनच म्हणाली. "अख्खा संसार त्यावर काढलाय."

इलारिओननं म्हातारीला आधार देत बाजारात नेलं. दहा पावलं चालायची, थांबायचं, गुडघ्यांना शिव्या द्यायच्या, पुन्हा चालायचं. कासिल्दानं लांबूनच त्यांना पाहिलं. तिच्या अंगावर पिवळा झंपर होता. तिचा हात शालीकडे गेला, पण शालही हिरवीच.

"सासूबाई," एवढंच ती म्हणाली.

तोमासा तिच्या शेजारच्या खोक्यावर टेकली, पाय लांब केले आणि दम घेतला. "फोटो पोचला. काळा तुला शोभतो."

कासिल्दानं इलारिओनकडे पाहिलं. तो मान वर करून आभाळ निरखत होता, उजेडाचा अंदाज घेत असल्यासारखा.

"पण एक फोटो पुरे झाला," म्हातारी पुढे म्हणाली. "आता असंच रंगीत घालत जा. खायचं विकणाऱ्या बाईनं काळं घातलं की गिऱ्हाईक पुढे जातं. पोरगी शाळेत गेली का? येईल तेव्हा येईल, मी बसते. तोवर एक तामाल दे."

कासिल्दानं टोपलीवरचं कापड बाजूला केलं. पान सोडवून तिनं एक तामाल पुढे केला. म्हातारीनं एक घास घेतला, चावला आणि सुनेकडे रोखून पाहिलं.

"मीठ किती घातलंयस गं?"

"उद्या कमी घालते," कासिल्दा म्हणाली, आणि दुसरा तामाल सोडवायला घेतला.