कशावरनं मॅडम

ऑफिसात कुणी काहीही सांगितलं की मॅडम विचारायच्या, "कशावरनं?" ऊन वाढलंय म्हटलं तरी कशावरनं, जेवण झालं म्हटलं तरी कशावरनं. सांगलीच्या आमच्या चार टेबलांच्या सॉफ्टवेअर ऑफिसात त्यांचं नावच 'कशावरनं मॅडम' पडलं होतं. त्या जतकडच्या, धनगराघरच्या. कराडला इंजिनिअर झाल्या, पण बोलणं गावचंच राहिलं.

मी नोकरीला लागले तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांसाठी औषधाचा डोस काढून देणारं अ‍ॅप चाललं होतं. मी 'जनावर' नावाचा क्लास, म्हणजे सगळ्या जनावरांचा एक सामाईक साचा, लिहिला, त्यात डोसचं एक सरसकट सूत्र घातलं आणि गाय, म्हैस, मेंढी त्याखाली जोडल्या. प्रोग्रॅम बिनतक्रार चालला.

मॅडमनी शेजारी खुर्ची ओढली. "हितं नुसतं जनावर तयार हुतंय का गं?"

"होतं की."

"मग सांग, ते खातं काय? रवंथ करतं का? नुसतं जनावर तू कवा बघितलंस?"

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मेंढीसाठी खनिज मिश्रणाचा डोस काढला. तो गाईच्या हिशेबानं आला. "ह्यात तांबं असतंय. गाईला चालतं, मेंढराला इख हुतंय."

मग त्यांनी क्लासच्या आधी 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट', म्हणजे अमूर्त, हा शब्द टाकला. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, लसीची तारीख, असं सगळ्यांचं सारखं तेवढं ठेवलं. डोसचं सूत्र पुसून फक्त नाव राहू दिलं. आता नुसतं जनावर तयारच होईना, आणि मेंढीचा स्वतःचा डोस लिहीपर्यंत प्रोग्रॅम अडून बसला.

"बसू दे अडून. मेंढरू मरण्यापरीस बरं."

"मॅडम, मग गाढवाचं काय?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा असा खुलला की बास! दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं जतला. तिथल्या डॉक्टरांना त्यांनी इतके प्रश्न विचारले की बिचाऱ्यांचा डबा तसाच राहिला.

पुढं त्यांना बंगळूरला नोकरी लागली. मिरज स्टेशनवर मी पोचवायला गेले. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. त्या मात्र खिडकीतून चहावाल्याशी मला न कळणाऱ्या कानडीत गुंतलेल्या. बोटाच्या खुणेवरनं एवढंच कळलं, किटलीची तोटी इतकी वाकडी का, म्हणून. गाडी हलली. तो सोबत पळत उत्तर देत राहिला, त्या मान डोलावत ऐकत राहिल्या. माझं बोलणं राहूनच गेलं.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी डोळे पुसले आणि चहावाल्याला गाठलं.

"दादा, काय सांगितलंत हो त्यांना?"