साठचा काटा

कल्याणच्या लष्करी छावणीच्या भंगारातून आमच्या ह्यांनी मोटारसायकल आणली, तेव्हा मी दोन दिवस अबोला धरला होता. लढाईतून आलेली, हिरवा रंग उडालेला, सीट फाटलेलं. डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत पाट मांडायला जागा नाही, आणि हे धूड दारात! हे कल्याणला लॉऱ्यांच्या गॅरेजात फिटर. दिवसभर इंजिनं खोलून मन भरत नव्हतं की काय, कोण जाणे.

बरं, चालू झाली तेवढ्यावर थांबावं ना? छे! तिचा काटा पंचेचाळीस मैलांपुढे जाईना आणि ह्यांना हवे साठ. इंजिनाचं हेड काढून, काचेवर पॉलिशपेपर अंथरून दर रविवारी घासत बसायचे. ते जितकं झिजेल तितका आतला भडका जोराचा, म्हणे. माझी पोह्यांची परात त्या काळ्या तेलात गेली ती गेलीच.

"अहो, माणसं रविवारी बायकोला देवळात नेतात."

"नेतो की. साठच्या स्पीडने नेतो."

गॅरेजात ह्यांच्या कानाला मान होता. लॉरी फाटकातून आत येईपर्यंत हे आवाजावरून दुखणं सांगायचे. लग्न झाल्यावर मलाही शिकवलं होतं. चढावर एखादी लॉरी डब्यात वाटाणे हलवल्यासारखी वाजली की म्हणायचे, "ऐक. टायमिंग पुढे गेलंय, ठिणगी लवकर पडतेय. असंच हाणलं तर पिस्टनला भोक पडणार."

हेड बसवलं त्या सकाळी मला मागे बसवून शीळच्या रस्त्याला लागले. हँडलवर डाव्या हाताला एक छोटी लिव्हर होती. ती पुढे सरकवली की ठिणगी लवकर पडायची आणि गाडी पळायची. मात्र वाटाणे वाजायच्या आत थांबायचं. चढ आला, ह्यांनी लिव्हर सरकवली आणि वाटाणे वाजायला लागले. मी म्हटलं, आता मागे घेतील. कसलं काय! आणखी पुढे. शेवटी मी पाठीत बुक्का घातला तेव्हा थांबले, आणि वळून हसत म्हणतात, "काय गोड चाललीय ना?"

वाटाणे ओळखायला मला शिकवलं ते ह्यांनीच ना?

घरी आल्यावर हे दारात पाठमोरे बसून प्लग पुसत होते. इंजिन बंद, गल्लीत शांतता. मी मागे दोन हातांच्या अंतरावर उभी राहिले आणि ह्यांचं नाव घेतलं. उखाण्यातसुद्धा लाजत घेणारी मी. नऊ वर्षांत नुसतं नाव कधी तोंडातून निघालं नव्हतं. चांगलं मोठ्याने, स्पष्ट घेतलं. हे प्लग पुसत राहिले. पुन्हा घेतलं. शेजारच्या वहिनी तोंडाला पदर लावून खिडकीत आल्या. हे आपले प्लग पुसतायत.

मी पुढे जाऊन बसले. "ऐकू कधीपासून येत नाही?"

ते माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते, ओठांकडे बघत होते. एवढे दिवस मला ते कळलं नव्हतं!

"दोनेक वर्षं झाली. लढाईच्या दिवसांत कारखान्यात बॉयलरला रिबिटं ठोकली ना, त्याचं हे. माणूस समोर असला की कळतं. बॉनेटवर हात ठेवला की ठोकेही कळतात. बारीक आवाज गेले." मग अगदी हळू, "मालकांना कळलं तर उद्या घरी बसवतील. म्हटलं, ही साठला गेली तर समजायचं, अजून जमतंय."

"आणि मला सांगायचं नाही? मी कोण, शेजारीण?" मी ओरडले, रडले, सगळं करून झालं. मग पदर खोचला. "उठा. परत जायचंय."

मी तळहात त्यांच्या पाठीवर ठेवला. हात टेकलेला आहे तोवर लिव्हर पुढे, उचलला की मागे, असं ठरलं. त्याच चढावर वाटाणे वाजताच मी हात उचलला, थांबताच टेकवला, पुन्हा उचलला. पाच-सहा फेऱ्या झाल्या आणि लिव्हरची नेमकी जागा सापडली. मग सपाटीला त्यांनी मूठ पूर्ण पिळली. पन्नास. पंचावन्न. माझा अंबाडा सुटला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काटा थरथरत साठवर गेला आणि तिथेच राहिला.

ह्यांनी मान जराशी वळवली आणि ओरडून विचारलं, "आवाज कसा येतोय गं?"

आवाज असा शब्दांत काय सांगणार? मी त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकली, कानाला तोंड लावलं आणि जीव खाऊन सुरू केलं, "धडधडधडधडधड..." शेतात वाकलेली माणसं काम थांबवून बघत होती. बघेनात का! दम संपला तशी मी थांबले.

"थांबू नकोस," हे म्हणाले. "अजून."