पाठमोरे खांदासर

खांदासर कुणाशीही बोलताना सरळ समोर उभे राहत नसत. टपरीवर चहा घेतानाही एक खांदा चहावाल्याकडे, दुसरा रस्त्याकडे. लातुरात त्यांच्या सिमेंटच्या मैदानावर चाकांचे स्केट्स घालून, चेंडूऐवजी रबरी चकतीनं हॉकी शिकणाऱ्या पोरींनी त्यांना हे नाव दिलं होतं. माझी लेक प्रज्ञा त्यांतलीच.

"पास घेताना नुसती समोर तोंड करून उभी राहू नको. अर्धी वळ, खांदा उघडा ठेव, गुडघा वाकव. चकती यायच्या आधी खांद्यावरून मागं बघ, कोण यायलंय ते." आईस हॉकी ते मोबाइलवर बघून शिकले होते. प्रत्यक्ष बर्फ पाहिला होता तो रसवंतीतला. टपरीवरचे लोक त्यांना सोडत नसत. "नळाला पाणी न्हाई सर, अन् पोरींना बर्फावर नाचवायलाव?" सर हसत, तेही अर्धे वळूनच.

राज्याच्या संघाची निवड चाचणी उत्तरेत, खऱ्या बर्फावर होती. प्रज्ञाच्या वयोगटाची ती शेवटची संधी. दुसऱ्या कुणाला रजा मिळेना, म्हणून सोबत मी गेले.

सिमेंटवर रखडत येणारी चकती तिथं आली कधी नि गेली कधी, कळत नव्हतं. बर्फाच्या रिंकभोवती काच. सर ओरडत होते, आत काही पोचत नव्हतं. मग ते काचेबाहेर स्वतःच करून दाखवू लागले. खांदा, कंबर, गुडघा. प्रज्ञा घाबरलेली. पास यायच्या आधी मागं बघायचं सोडून ती सरांकडे बघायची आणि तेवढ्यात मागची पोरगी चकती घेऊन जायची. एकदा तर तिला जोरात धडक बसली.

सर थांबले. "ताई, ती माझ्याकडंच बघायलीय," म्हणाले. "आता तुम्ही बघा. मला सांगा." आणि त्यांनी काचेकडे पाठ केली. एवढ्या वर्षांत त्यांना सरळ उभं राहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

प्रज्ञानं बाहेर पाहिलं. तिला पाठच दिसली. पुढचा पास आला तेव्हा तिनं खांद्यावरून मागं पाहिलं, अर्धी वळली, चकती काठीवर घेतली. मागून आलेली पोरगी बाजूनं सरकत निघून गेली.

"काय झालं?"

"घेतला."

"खांदा?"

"उघडा होता, सर."

त्यांनी मान हलवली. शिट्टी होईपर्यंत वळले नाहीत.

चाचणी तोवर संपतच आली होती. निवड झाली नाही. पुढे मैदानावर पार्किंग झालं आणि सर धर्माबादला, भावाच्या दुकानात गेले. बर्फावरचा तो एक पास त्यांनी पाहिला नाही. व्हिडिओही नाही; फोन माझ्या पर्समध्ये होता आणि दोन्ही हात काचेवर.