मला झालेली कावीळ

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना आमच्या नणंदेच्या नाकातून चहा आला होता, आणि ती बिचारी शांत स्वभावाची म्हणून अख्ख्या सासरी नावाजलेली.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. नागपुरात महाल भागात एका घराच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. आमचे हे पोस्टात, मी मुलींच्या शाळेत शिकवायला. सासूबाई तिकडे कुहीला, धानाच्या शेतीत अडकलेल्या. माझी आई मी लहान असतानाच गेलेली. म्हणजे घरात चार गोष्टी विचारायला बाईमाणूस नाही. होत्या त्या शेजारच्या खोलीतल्या लांजेवारकाकू. आणि खाली घरमालक.

घरमालक म्हणजे भारी भित्रं प्रकरण. त्या पावसाळ्यात आमच्या भागात नळाला गढूळ पाणी यायचं आणि घरोघरी कावीळ निघाली होती. मालकांनी जाहीरच करून टाकलं, ज्याला कावीळ होईल त्यानं बरं होईपर्यंत दुसरीकडे राहायला जावं. परत येताना डॉक्टरला विचारून यावं.

अशात पोळा जवळ आला आणि मला मळमळायला लागलं.

सकाळी डोळे उघडले की पोटात ढवळायचं. कोणाच्याही घरची फोडणी चुरचुरली की मी पळत गॅलरीत. फळ्यावर लिहिता लिहिता डुलकी यायची, खडू हातातच. त्यावर अंगात ताप भरला. आता तुम्हीच सांगा, सगळी गल्ली पिवळी पडत असताना माणसाला दुसरं काय सुचणार? मी आरशासमोर उभी राहून डोळे ताणून पाहिले. पिवळे दिसले. आमच्या खोलीतला बल्बच पिवळा होता, पण हे तेव्हा कोण लक्षात घेतो!

आणि ती दुसरी शंका? नाही हो आली. माझी पाळी मुळातच लहरी. आली तर आली, नाहीतर दोन-दोन महिने पत्ता नाही. ती आली नाही ही माझ्यासाठी बातमीच नव्हती.

यांना सांगितलं. यांनी दार लावून घेतलं आणि आम्ही दोघं चोरासारखे कुजबुजलो. यांना स्वतःला लग्नाआधी, मेसमध्ये जेवत असताना कावीळ झाली होती, त्यामुळे हे त्या विषयातले जाणकार. आणि मला मॅट्रिकला असताना झाली होती. तेव्हा आम्ही कन्हानला राहायचो, बाबा तिथल्या कोळसा खाणीच्या ऑफिसात होते. तिथल्या एका वैद्याचा काढा मी घेतला होता. काढा कसला, पोट धुऊन पार कोरडं करणारं जालीम प्रकरण. येत्या रविवारी त्याच वैद्याकडे जायचं ठरलं. तोवर तापासाठी म्हणून यांनी दुकानातून गोळ्या आणि रंगीत कॅप्सूल आणून फडताळात ठेवल्या. पोटात काही टिकलं की घ्यायच्या, असा बेत होता. काही टिकत नव्हतं म्हणून त्या तशाच राहिल्या होत्या.

शनिवारी हे कामावर गेल्यावर लांजेवारकाकू आल्या. माझी गॅलरीतली धावपळ त्या केव्हाच्या बघत होत्या. त्यांनी दार लोटलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "कवापासून होऊन राहिलं वं हे?"

मला रडूच आलं. म्हटलं, काकूंना कळलंच शेवटी. पण कावीळ हा शब्द मी काढला नाही, खाली ऐकू गेलं तर? आणि काकूही त्यांच्या मनातला शब्द तोंडातून काढणाऱ्या नव्हत्या. त्या काळी बायका असल्या गोष्टी नुसत्या भुवयांनी बोलायच्या.

"झाले बरेच दिवस," मी म्हटलं.

"घरच्याले सांगतलं?"

"त्यांना माहीत आहे. पण काकू, खाली कळू देऊ नका. मालक घराबाहेर काढतील."

काकू थोड्या बुचकळ्यात पडल्या. मालक विचित्र होते, पण इतके? तरी त्यांनी प्रेमानं पुढं विचारलं, "पहिलीच वेळ हाय ना?"

"नाही. मॅट्रिकला असताना एकदा झालं होतं."

पाठीवर फिरणारा हात थांबला.

"मॅट्रिकले?"

"हो. आमच्या वर्गात त्या वर्षी बऱ्याच जणींना झालं होतं."

काकू खाली बसल्या. "मंग?" हे त्यांनी इतक्या बारीक आवाजात विचारलं की मला वाटलं, काकूंनाही बरं वाटत नसावं.

"मग काय, बाबांनी वैद्याकडे नेलं. त्याचा काढा घेतला आणि सगळं साफ झालं. उद्या त्याच्याकडेच जाणार आहोत."

काकूंनी माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "नको जाऊ वं पोरी. माह्या सख्ख्या बहिणीनं असाच काढा घेतला होता. मरता मरता वाचली ते. तुम्हाले नको असन तं माह्याकडे दे. मी सांभाळतो."

बघा, किती हा जीव! मला वाटलं, आजारपणात मला आपल्या घरी ठेवून घ्यायला या तयार आहेत.

"नको काकू," मी म्हटलं, "तुमच्या घरात पोरी आहेत. त्यांनाही होईल."

काकू माझ्याकडे पाहतच राहिल्या.

"खरंच सांगते. आणि घाबरू नका, बरं होतं हे. यांनाही लग्नाआधी झालं होतं."

"कोणाले?"

"यांना."

"माणसाले?"

मग काकूंनी माझं मनगट सोडलं आणि सावकाश, एकेक शब्द वेगळा करून विचारलं, "तू कायच्याबद्दल बोलून राहिली वं?"

मी खालच्या मजल्याकडे बोट दाखवून पुटपुटले, "कावीळ."

काकू जे हसत सुटल्या! पदर तोंडात कोंबला तरी हसू आवरेना. मी मेली तापानं फणफणलेली, आणि समोर ही बाई डोळे पुसतेय. पण मग त्या एकदम थांबल्या. माझी पाळी शेवटची कधी आली होती ते त्यांनी विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं आणि मला आठवेना. आठवेना म्हणजे, अगदी आठवेना.



काकूंनी मग एक शब्द वाया घालवला नाही. फडताळातल्या गोळ्या कागदासकट पदराला बांधल्या, मला घोटघोट साखर-मिठाचं पाणी पाजलं, आणि सायकलरिक्षात घालून सीताबर्डीला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी मला खिडकीच्या उजेडात नेऊन डोळे पाहिले. पांढरेशुभ्र. मलेरिया तर नाही ना म्हणून रक्त तपासायला दिलं, तो निघाला नाही. लघवीही तपासली. मग काकूंकडे बघत हसून म्हणाल्या की ताप आहे तो साधा आहे, उतरेल. बाकीचं मात्र हिवाळा संपेपर्यंत काही उतरायचं नाही, बाळ आहे.

आणि मी काय विचारलं असेल? मी विचारलं, "हे यांना लागणार नाही ना?" डोक्यात कावीळच ना हो!

त्या हसल्या, पण मग खुर्ची पुढं ओढून नीट समजावलं. पाळी चुकली आणि मळमळ, थकवा असला की लग्न झालेल्या बाईनं आधी ही शंका घ्यायची, मग बाकीच्या. पाळी लहरी असली तर जास्तच. पदरातल्या गोळ्या पाहून त्यांनी कॅप्सूल बाजूला सारल्या. पोटात बाळ असताना त्या घ्यायच्या नसतात, म्हणाल्या. कुठलंही औषध मनानं घ्यायचं नाही, दुकानातलं नाही आणि झाडपाल्याचं तर नाहीच. अंग असं गळलेलं असताना तो जुलाबाचा काढा पोटात गेला असता तर काय झालं असतं, याचा विचार करू नका म्हणाल्या. आणि ताप अंगावर काढायचा नाही. तापाची गोळी त्यांनी दिली तीच घ्यायची, ओल्या फडक्यानं अंग पुसायचं, पाणी पीत राहायचं. ताप हटला नाही, पाणीसुद्धा पोटात टिकेना, पोटात कळ आली किंवा अंगावरून रक्त गेलं, तर तसंच उठून यायचं. खरोखरची कावीळ असती तर या दिवसांत ती फार वाईट, तेव्हा तर आणखी लवकर यायला हवं होतं, हेही सांगितलं.

मी मान डोलवत होते आणि टेबलाखाली काकूंचा हात घट्ट धरून बसले होते.

ताप उतरला. रविवारी कन्हानला कोणी गेलं नाही. यांनी बातमी ऐकली आणि आनंदाच्या भरात खाली जाऊन मालकांना सांगितली. मालकांनी आधी विचारलं, "पण कावीळ नाही ना?" मग पेढे घेतले. धान निघाल्यावर सासूबाई कुहीहून नव्या तांदळाचं पोतं घेऊन आल्या. फाल्गुनात मुलगी झाली, ठणठणीत. तिचं पहिलं अंगडं काकूंनी शिवलं. मला आई नव्हती, पण त्या बाळंतपणात ते मला एकदाही जाणवलं नाही. काकूंनी माझ्याबद्दल नाही नाही तो समज करून घेतला, आणि तरीही माझा हात सोडला नाही. दार लावून निघून गेल्या नाहीत. माझ्या लेकीचा जीव त्या गैरसमजानं राखला. अजूनही त्यांची आठवण निघाली की मी आधी हात जोडते, मग हसते.

एक गोष्ट मात्र मी काकूंनाही पुष्कळ वर्षं सांगितली नव्हती. त्या दिवशी निघताना त्या बाहेर रिक्षा बघायला गेल्या, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला सहज विचारलं, काय करता? म्हटलं, मुलींच्या शाळेत शिकवते. छान, म्हणाल्या, विषय कुठला?

मी नववीला शरीरशास्त्र आणि आरोग्यशास्त्र शिकवायचे.

मी म्हटलं, "भूगोल."