कमरेचा पट्टा

हिमालयातल्या त्या राष्ट्रीय उद्यानात, बर्फ वितळून फुगलेल्या ओढ्यापाशी आमचा वाटाड्या थांबला. म्हणाला, “कमर का पट्टा खोलो.”

मला ते पटेना. सह्याद्रीत अवघड जागा आली की आम्ही सॅकचे पट्टे करकचून आवळतो. माझ्या बायकोचा, सुमाचा हातही सवयीने तिकडेच गेला.

“दीदी, पाँव फिसला तो बॅग जाने दो. बंधा रहा तो आपको भी ले जाएगा.”

सुमा पट्टा सोडून पाण्यात उतरली. मधोमध ती डगमगली, सॅक एका खांद्यावरून घसरली. त्यात काय घ्यायचं यावरून घरी आम्ही केवढे भांडलो होतो! आता मनात एकच, जाऊ दे ती सॅक. जन्मभर बांधून ठेवायचंच शिकलो. सोडायची तयारी ठेवून चालणं कुणी शिकवलंच नाही.

ती कशीबशी पलीकडे पोहोचली. मी पट्टा सोडला, आणि इतका वेळ कमरेने पेललेलं वजन एकदम खांद्यांवर आलं.

पलीकडून सुमा ओरडली, “पट्टा सोडलास ना रे?”

“सोडला!”

पट्ट्याची दोन्ही टोकं मी मुठीत गच्च धरली होती.